आगर हवं आहे

अलिबाग,
ता. ९ ऑगस्ट १९६३

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि मामींचा राग, दोन्ही आता उताराला असतील अशी आशा आहे. मी तसा धडधाकट आहे, पण काल एक मोठा घोटाळा झाला.

तुम्ही आमच्या कॉलेजचे अध्यक्ष हिरामणशेठ यांची मुलगी कमळ मला दाखवलीत. होकार कळवण्याआधी वर्गाची नड भागवावी असा मूर्ख विचार मी केला. बी.एस्सी.च्या पोरांना मी जंतू शिकवतो. जंतू वाढवायला बशीत वडीसारखा थिजलेला थर लागतो आणि ज्या पावडरीनं तो थिजतो तिचं नाव आगर. (ती नाही म्हणून सध्या उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर भागवतो आहे. परवा शिपायाला त्यातला एक तोंडात घालताना धरलं.) खरेदी अध्यक्षांच्या हातात, तेव्हा मी त्यांना लिहिलं, की आगर हाती पडल्याशिवाय मला पुढचं काही सुरू करता येणार नाही, आणि थोडंथोडकं नको, वर्षानुवर्षं पुरेल असं हवं.

मामा, आपण आगरी. आपल्या बापजाद्यांचा जन्म मिठागरात गेला. आपल्यात आगर कशाला म्हणतात हे मला शिकून शिकून विसरायला झालं होतं.

काल भर तासाला हिरामणशेठ वर्गात आले, मागे कमळ. सगळ्या पोरांसमोर हात जोडून म्हणाले, "मास्तर, खाडीवरचा आगर तुमचे नावावर करतो, पन माजे पोरीला नको म्हनू नका." मी पार हबकलो. हे आगर निराळं, ते समुद्रातून निघतं, असं कसंबसं सांगितलं. (खरंच, शेवाळापासून करतात.) शेठ मटकन बाकावर बसले. "म्हंजे आता दर्या पन पायजे?"

कमळ बापाला उठवत म्हणाली, "चला बाबा. याना आगराशीच लगीन लावू द्या." आणि दोघं निघून गेली. पोरं हसली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे नुसती बघत होती.

तेव्हा पहिल्या एस.टी.नं या आणि शेठना ती पावडर समजावून सांगा, नाहीतर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.

तुमचा भाचा,
काळूराम

ता.क. : नोकरी गेली तर जाऊ दे. कमळ मला फार आवडली आहे. मी काहीही न घेता लग्नाला तयार आहे, एवढं तिला सांगा.

ता.क. २ : हे फक्त तिलाच सांगा. शेठ आपणहून काही देत असतील, तर वडीलधाऱ्या माणसाशी उगाच वाद घालू नका.