तंबोरा, आणि ‘चेष्टा’ या शब्दाचा खुलासा

श्रीगजानन प्रसन्न

मी, श्रीमती शरदिनी दत्तात्रेय सप्रे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, माहेर मिरज, सासर आणि मुक्काम दूधविनायक, वाराणसी, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. मोतीबिंदू निघाले, कान पहिल्यापासून तिखट आहेत, आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तसे ते कोणाला जमलेलेही नाही. पुढच्या महिन्यात हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाही. पण छत्तीस वर्षे ग्रंथालयात कार्डे लिहिली. कोणती वस्तू कोणाच्या कपाटात जायची हे लिहून झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, माझ्या पश्चात माझा मुलगा विश्वेश याला मिळावे. तो नोकरीमुळे लखनौला असतो. इथे माझ्याजवळ त्याची मुलगी रुचा राहते आणि बँकेत जाते. तिला वाटेल तितकी वर्षे पुढची खोली तिचीच राहील, यात विश्वेशने तोंड घालू नये. घर कधी विकलेच, तर खिडकीतून गंगा दिसते असे गिऱ्हाईकाला सांगू नये. दिसत नाही. मोटारबोटी तेवढ्या ऐकू येतात.

कलम २. बँकेतली ठेव विश्वेश आणि सून मालविका यांना निम्मी निम्मी. माझा ट्रान्झिस्टर आणि दोनशे बारा कॅसेटी एकट्या मालविकेला. ती हसेल. इथे असली की स्वयंपाकघरात ती सिनेमाची गाणी लावते आणि मी दार लोटून घेते, असे आमचे पंचवीस वर्षे चालले आहे. आता मरणाच्या कागदावर खोटे कशाला लिहू? त्यातल्या एका गाण्याचा दुसरा अंतरा मला अतिशय आवडतो. दार लोटून मी तो आतून ऐकत असे. कोणते गाणे ते सांगणार नाही. तिने ओळखावे.

कलम ३. माझे यजमान कै. दत्तात्रेय यांचे दाढीचे सामान विश्वेशने न्यावे. यजमान रेल्वेत होते, माणूस लाखात एक, आणि सुरांच्या बाबतीत ठार बहिरा. दाढी करताना रोज एकच चाल शिटीवर वाजवायचे आणि रोज त्याच जागी घसरायचे. एक्केचाळीस वर्षे मी आतून ओरडले, “अहो, तिथे सूर उतरतोय!” ते म्हणायचे, “उतरू दे, जिना आपलाच आहे.” ते गेल्यावर तीच चाल एकदा रेडिओवर बरोबर सुरात लागली, आणि मला रडू कोसळले. बरोबर सूरच चुकल्यासारखा वाटला.

हे मी वासुदेवरावांना सांगितले ती माझी चूक. हे श्री. वासुदेव पाध्ये खालच्या मजल्यावर राहतात, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, निवृत्त संस्कृत शिक्षक. लगेच म्हणाले, “बघा! शेवटी ज्याची त्याची आवड. गाण्यात चांगलं-वाईट असं काही नसतं.” मी म्हटले, “ही आवड नव्हे, हे दत्तात्रेय आहेत. दोन्हींची गल्लत करू नका.”

कलम ४. वासुदेवरावांना काहीही देत नाही. त्यांना साक्षीदार करायचे आहे, आणि साक्षीदाराला काही मिळू नये हे बरे, असे वकिलांनी सांगितले. त्यामुळे आमचा वाद तेवढा त्यांच्याकडे राहील.

वाद असा. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली ब्रह्माघाटाच्या गणेशोत्सवात गाण्याच्या स्पर्धेला आम्ही दोघे परीक्षक होतो. यांनी नऊच्या नऊ मुलांना पहिला नंबर देऊ केला. म्हणे, व्यक्ती तितक्या प्रकृती, आवडीवर वाद घालू नये. मी तिथून उठून घरी आले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर आमचे हेच. अहो, हा माणूस कुठल्या दुकानाची कचौडी खरी यावर तासभर हमरीतुमरीवर येतो, माझ्या चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडे करतो, आणि सुरांचा विषय निघाला की एकदम साधू! माझे म्हणणे तेव्हा होते तेच आहे. आवड ज्याची त्याची असते, हे कबूल. पण “मला हे का आवडले” हे सांगता येते, आणि दुसऱ्याने ते ऐकले की त्याच गाण्यात त्याला नवे काही ऐकू येते. वाद घालणे म्हणजे समोरच्याला मान देणे. ज्याला आपण हिशेबात धरत नाही, त्यालाच “ज्याची त्याची आवड” म्हणून वाटेला लावतो. वाद घालावा, चेष्टा मात्र करू नये. हे वाक्य मी आयुष्यभर ज्याला त्याला ऐकवले आहे.

उत्सवाच्या त्या नऊ पहिल्या नंबरांबद्दल वासुदेवरावांना मी क्षमा करते. मत बदललेले नाही.

कलम ५. माझा मिरजेचा तंबोरा माझ्या पश्चात माझी नात रुचा हिला द्यावा, आणि पुढील मजकूर तिला वाचून दाखवावा.

रुचा, तू तेरा-चौदा वर्षांची असताना गणपतीत म्हणायचे गाणे घरी बसवत होतीस. भक्तीचे गाणे, आणि मोबाइलवर धडाधडा ठेका लावलेला. मला वाटले, तू गंमत म्हणून त्या गाण्याची टर उडवते आहेस. मी स्वयंपाकघरातून म्हटले, “रुचा, गाण्याची चेष्टा करू नकोस.” तू मोबाइल बंद केलास. गणपतीत गायली नाहीस. त्यानंतर अकरा वर्षांत तू या घरात एक ओळ म्हटली नाहीस. मी काय समजले? पोरीचे मन उडाले, चालायचेच, ज्याची त्याची आवड! जे वाक्य मी वासुदेवरावांना कधी पुरे करू दिले नाही, ते तुझ्याबाबतीत मीच मनात म्हणून मोकळी झाले.

परवा दिवाळीत तू मला मोबाइलवर चेहरा दिसणारा फोन लावायला शिकवत होतीस. मला जमेना, मी वैतागून तो खाली ठेवला. तू म्हणालीस, “आज्जी, सोडून काय देतेस? चेष्टा तर कर!”

मी म्हटले, “चेष्टा? कुणाची?”

“कुणाची काय? कोशिश गं, प्रयास!”

तू हसत चहा करायला गेलीस आणि मी स्वयंपाकघरातले ते जुने वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिले. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ग्रंथालयात रोज वाचत होते. पण घरात मी मराठी बोलते आणि घरातले मराठीच ऐकतात, असे धरून चालले. तू इथे जन्मलीस, इथल्या शाळेत शिकलीस. मी म्हटले गाण्याची टवाळी करू नकोस, आणि तू ऐकलेस की गायचा प्रयत्नसुद्धा करू नकोस. सख्ख्या आजीने, तेही जिचे कान तिखट म्हणून गल्लीत नाव आहे तिने, असे म्हटल्यावर पोर गाईल कशाला?

बाळ, तुझा आवाज चांगला होता. ठेका मला आवडला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी मी तुला वेगळ्या करून सांगायला हव्या होत्या. मला क्षमा कर. तंबोऱ्याला कसलीही अट नाही. गा, नको गाऊस, भिंतीला टेकवून ठेव. तो तुझा आहे.

येथपर्यंत ता. १७ नोव्हेंबरला लिहून वासुदेवरावांपुढे सहीसाठी ठेवले. न वाचता सही करतील तर ते पाध्ये कसले! चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचले आणि पेन खाली ठेवले. “सही करणार नाही,” म्हणाले. मी म्हटले, “चौऱ्याण्णवचा राग का?” तर म्हणाले, “पोरगी वरच्या मजल्यावर आहे आणि तुम्ही तिला हे मेल्यावर सांगणार? सुरांवर माझ्याशी एकतीस वर्षं भांडलात, आणि एका शब्दासाठी नातीसमोर उभं राहायला घाबरता? शिवाय संस्कृताप्रमाणे बघाल तर अर्थ तिचाच बरोबर आहे.”

मी म्हटले, “म्हणजे चूक मिरजेची.”

“चूक तुमची. जा वर.”

मी घाबरले होते, हे खरे. ऑपरेशनला नाही, याला. तिने “होय आज्जी, तुझ्यामुळेच” म्हटले असते तर मी कुठे तोंड लपवणार होते?

कलम ६. हे आज, दोन दिवसांनी, लिहिते आहे. काल रुचा बँकेतून आल्यावर तिला समोर बसवून सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, “मला वाटायचं, तुला इतकं कळतं, तर तुझं बरोबरच असेल.” याहून ती रागावली असती तर बरे झाले असते. मी तिचा हात धरून रडले. लाज कसली त्यात?

नंतर तिने नाक पुसले, तंबोऱ्याची गवसणी काढली आणि म्हणाली, “मग करू?”

“काय?”

“चेष्टा.”

“कर बाई, कर.”

तिने तेच गाणे म्हटले. अकरा वर्षांचा गंज होता, वरचा सूर दोनदा फाटला. पण धिटाईने म्हटले आणि शेवटपर्यंत म्हटले. संपल्यावर मी खरे तेच सांगितले: आवाज छान, पण तू लय पळवतेस, मला आवडले नाही. सांगून बसले आणि जीव मुठीत धरला.

रुचा उठून गेली नाही. मांडी घालून माझ्यासमोर सरसावून बसली आणि म्हणाली, “तुला नाही आवडलं तर नाही. मला असंच आवडतं. का ते सांगते, ऐक.” आणि तिने सांगितले. मी खोडून काढले. तिने पुन्हा सांगितले. वरण करपले. अजून आमचे मिटलेले नाही. आज संध्याकाळी ती पुढचे मुद्दे घेऊन येणार आहे.

सबब कलम ५ मधील “माझ्या पश्चात” हे शब्द खोडून “आजपासून” असे वाचावे.

कलम ७. मला नेताना कोणाला भजन म्हणायचे असल्यास सुरात म्हणावे. न जमल्यास दत्तात्रेयांप्रमाणे खुशाल बेसूर म्हणावे. ते चालेल.

याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि मला ते पटले. ज्याला पटणार नाही त्याने मी आहे तोवर येऊन भांडावे.

ठिकाण : दूधविनायक, वाराणसी
ता. १९ नोव्हेंबर २०२५

सही : शरदिनी दत्तात्रेय सप्रे

साक्षीदार : शरदिनीबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.

१. सौ. अन्नपूर्णा काशीनाथ गुर्जर, शेजारीण

२. वासुदेव गोविंद पाध्ये. (काल गाणे खाली ऐकू आले. मला आवडले. का आवडले, ते संध्याकाळी पायरीवर सांगेन.)