मेधा, ती रेघ माझी होती

प्रिय मेधा,

काल तुझ्या आठवणीत एक छोटा कार्यक्रम झाला, आणि घरी येऊन मी खोलीचं दार आपटलं. म्हणून आज लिहायला बसलेय. रडू येत नाही असं नाही, पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय. तू असतीस तर फोनच केला असता. तू नेहमीसारखं म्हणाली असतीस, "बोल बाई, आज काय केलं मी?"

सांगते काय केलंस ते.

कॉलेज रोडच्या त्या लहानशा हॉलमध्ये माझ्या आईनं टॅबलेट मांडीवर घेतला. स्क्रीनवर बोटानं एक वळणदार रेघ ओढली आणि स्पीकरमधून मींड निघाली. षड्जावरून पंचमापर्यंत अशी अलगद सरकत गेली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "काय करून ठेवलंय बघा मेधानं!" दुसरं कुणी म्हणालं, "मेधाच गातेय जणू."

आणि ती रेघ? ती बोटाखाली उमटावी म्हणून जीव कुणी आटवला? एकानंही विचारलं नाही!

तसं हे जुनंच आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तू लासलगावहून माझ्या वर्गात आलीस, आणि होस्टेलचं जेवण सोसेना म्हणून नाशिकरोडला आमच्याकडे राहायला आलीस. संध्याकाळी आईचा गाण्याचा क्लास पुढच्या खोलीत भरायचा. दुसऱ्याच दिवशी तू त्यात जाऊन बसलीस. मी तिची सख्खी मुलगी, पण सुराशी माझं कधी जमलंच नाही. आई म्हणायची, "वर्षू, तू चहा टाक." प्रेमानंच म्हणत असेल. पण मी आत चहा गाळत असायचे आणि बाहेर तुझा गंधार लागायचा. आई म्हणायची, "वाऽ!"

ती 'वाऽ' मला कधीच मिळाली नाही, मेधा. चहालासुद्धा नाही.

पुढे मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या कंट्रोल रूमच्या स्क्रीन बनवायला लागले. कुठला पंप चालू, कुठली टाकी भरली, ते माणसाला एका नजरेत कळावं, हे माझं काम. आणि तू नोकरी सांभाळून आवाज घडवणारं सॉफ्टवेअर लिहीत होतीस. मग आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज. तू लॅपटॉप घेऊन धावत आलीस. स्क्रीनवर उघडलेल्या काळ्या खिडकीत आकड्यांच्या चार ओळी लिहिल्यास, एंटर दाबलंस. "मावशी, हा घ्या तुमचा षड्ज."

खरंच तिचाच वाटला गं! पण आईला ते आकडे कुठे जमणार? तिनं एक आकडा चुकवला आणि गिरणीचा भोंगा वाजावा तसा आवाज झाला. नंतर बरेच दिवस ती लॅपटॉपकडे फिरकली नाही.

मी म्हटलं, "मी हिच्यासाठी स्क्रीन करते." तू म्हणालीस, "चित्रं कशाला हवीत? गाणं कानानं ऐकायचं असतं."

"पण करायचं तर हातानंच ना!"

माझा पहिला प्रयत्न आठवतो? गोल नॉब, उभे स्लायडर, लाल-हिरवे दिवे. तू पोट धरून हसलीस. "अगं, हे मावशीसाठी आहे की बॉयलरसाठी?" आईसुद्धा हसली, आवाज नसलेलं ते हसू. मला इतका राग आला होता!

पण त्या रागातच मी आईकडे बघत बसले. क्लास बंद झाला होता, तरी रेडिओवर गाणं लागलं की तिचा हात हवेत सुरामागून वर-खाली जायचा. मी सगळे नॉब पुसून टाकले. कोरी पाटी ठेवली, स्वरांच्या फिकट आडव्या ओळी आखल्या. बोट वर गेलं की सूर वर, खाली आलं की खाली. हे मला सुचलं होतं, मेधा. तुला नाही!

बोट भरभर गेलं की तुझा आवाज तुटायचा. तू कुरकुरलीस, "माझ्या आवाजाला तुझ्या रेघेमागं पळवू नकोस." मी हटले नाही. शेवटी तू आतलं बरंच नव्यानं लिहिलंस आणि आवाज बोटाबरोबर चालायला लागला. आईनं पहिली मींड ओढली. तिचे डोळे भरले. तिनं हात उचलला आणि तुझ्या डोक्यावर ठेवला. टॅबलेट धरून मी उभी होते!

जिना उतरताना तू म्हणालीस, "चांगली स्क्रीन दिसतच नाही गं. तोच तिचा मोठेपणा." तुझं काय जातंय बोलायला? तुझा आवाज सगळ्यांना ऐकू येतो.

मग तुला ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि तू गेलीस. तिथंही माझ्या पुढे! आईनं अन्न सोडलं. तिला एकेक घास भरवताना माझ्या मनात यायचं, मी गेले असते तर ही इतकी रडली असती का? असला प्रश्न कुणाला विचारायचा? तुलाच विचारते.

काल कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरत होते, तेव्हा तुझी आई जवळ आली. "वर्षे, ती रेघ कुनी केली गं?"

मी म्हटलं, "काकू, आवाज मेधाचा."

"आवाजाचं नाय इचारत. बोट नेलं तिकडं मागं येती, ती रेघ."

"मी केली."

"मला काढू देशील?"

कांदा निवडून राठ झालेलं त्यांचं बोट स्क्रीनवर फिरलं. आवाज वेडावाकडा किंचाळला. त्या दचकल्या, मग पुन्हा बोट टेकवलं, या वेळी हळू. म्हणाल्या, "मेधीला लय येळा म्हनले, काय करती ते दाव मला. ती म्हनायची, आई, तुला नाय कळायचं. हे तर कळतंय की गं!"

का दाखवलं नाहीस त्यांना? ती काळी खिडकी नको, निदान माझी स्क्रीन तरी दाखवायचीस!

घरी येताना रिक्षाभर आई तुझ्याबद्दलच कुजबुजत होती. दार आपटलं ते त्यामुळे.

पण ऐक. येत्या रविवारी टॅबलेट घेऊन मी लासलगावला जाणार आहे. काकूंसाठी रेघ जाड करतेय, चष्म्याशिवाय दिसेल अशी. तू घडवलेला आवाज त्यांच्या बोटातून निघेपर्यंत मी जात राहीन, हा शब्द देते. त्या मला जेवू घालतील, 'आमची वर्षी' म्हणतील, आणि मी ते सगळं हक्कानं घेईन. माझी आई तू घेतलीस, आता तुझी मी घेते.

बघ वरून. आणि जळ जरा तूही.

तुझी,
वर्षा