खुंटीवरचा सदरा

यिशुन, सिंगापूर, १२ ऑगस्ट २०१६

प्रिय प्रेमा,

तुझा गुडघा कसा आहे? इथे सगळे ठीक, मीच तेवढा ठीक नाही. चार दिवस जेवण जात नाही. सारंग म्हणतो, बाबा, इंटरनेटवरचं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. त्याला सांगायला काय जातं!

सूनबाईंनी, म्हणजे योगिनीने, मला ब्लॉग काढून दिलाय हे तुला ठाऊक आहे. मी सातवी शिकलेला, बोटीवरचा फिटर. एका बोटाने टाइप करतो. एका लेखाला दोन आठवडे लागतात. वाचणारे अकरा, त्यात घरचेच चार. आईवरचा लेख तुला तीनदा पाठवला. तू फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलंस.

तोच लेख एका वेबसाइटने जसाच्या तसा उचललाय. नात इराने शोधून दाखवला. 'कॉपी-पेस्ट ओन्ली लाह, आजोबा,' म्हणाली, जणू कुणी पेन्सिल उचलली. खाली नाव कुणा 'सागरपुत्रा'चं. सहाशे लोकांनी त्याची वाहवा केलीय. मी जळत जळत एकेक अभिप्राय वाचत गेलो आणि त्यात तुझा निघाला. 'डोळे भरून आले. आमची आईही असंच करायची. मी तो सदरा रोज पाहायचे. लेखकाला नमस्कार. प्रेमा, दापोली.'

अगं, आमचीही काय, तीच आई ती! सख्ख्या भावाला एक ओळ नाही आणि त्या चोराला नमस्कार? चोरीपेक्षा मला हे जास्त लागलं. दोन दिवस तुझा फोन मुद्दाम उचलला नाही.

योगिनीने त्या लोकांना खरमरीत लिहिलं. सारंगच्या इथल्या नोकरीच्या पासला काही होणार नाही ना, म्हणून मी धास्तावलेला. तिकडून उत्तर आलं, ही आठवण तुमचीच कशावरून? मी तावातावाने लिहायला बसलो, की मी बोटीवर निघालो की आई माझा अंगावरून उतरवलेला सदरा धुवायची नाही, माझं पहिलं पत्र येईपर्यंत खुंटीवर तसाच ठेवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे बोट अडलं.

मी कुठे पाहिलं, प्रेमा? मी तर समुद्रावर. पाहिलंस तू. आईच्या तेराव्याला तूच मला सांगितलंस. तिची सगळी वर्षं तुझ्या वाट्याला आली आणि माझ्या वाट्याला नुसती पत्रं, हे मला कधीच सोसलं नाही. म्हणून 'मी पाहिलं' असं लिहिलं आणि तुझं नाव गाळलं. तू तीनदा वाचून गप्प का राहिलीस आणि तिथे 'मी तो सदरा रोज पाहायचे' असं का लिहिलंस, ते आता कळतंय.

त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तुला विचारतो, जे लिहिण्याआधी विचारायला हवं होतं. ती आठवण तुझ्या नावाने लेखात ठेवू का? नको म्हणालीस तर आजच काढतो. त्या सागरपुत्राशी भांडण नंतर.

तुझाच,
निशिदादा