आधी दाराला कडी लाव

तीर्थस्वरूप लुशाताईस,

तुझ्यातल्या देवाला धाकट्या मवराचा कमरेतून वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? कोबी यंदा बरा धरला का? प्रार्थनाघरात वरचा सूर अजून तूच लावतेस ना? मी इथे व्हँकुव्हरला धडधाकट आहे, म्हणजे दिसायला. तुझी नात वेरा माझ्याकडे सुखात आहे आणि बेकरीत काम करते (सकाळी). आता पुढचं वाचण्याआधी ऊठ आणि दाराला कडी लाव. आपल्या दाराला कडीच नाही हे मला ठाऊक आहे. येईल तो देवच, असं आई म्हणायची, आणि तिच्या वेळी बरेचदा तशीच देवमाणसं यायची. तेव्हा बटाट्याचं पोतं दाराला लाव आणि मग बस. ताई, तुझा पत्ता बाहेर फुटलाय, आणि माझ्याच हातून फुटलाय.

झालं असं की परवा दिवेलागणीला मी एका नाचगाण्याच्या बारमध्ये गेले होते. (कपाळाला हात लावू नकोस. प्यायले ते लिंबाचं सरबत. का गेले ते शेवटी सांगते.) दारात एक धटिंगण उभा, मानेवर गरुड गोंदलेला, दंड आपल्या सफरचंदाच्या खोडाएवढे. म्हणाला, "आजी, ओळखपत्र." मी म्हटलं, बाळा, माझ्या तोंडाकडे बघ, वयाची शंका येते का तुला? "मला नाही येत हो, मशीनला येते," म्हणाला आणि माझं गाडीचं लायसन्स एका खोक्यावर टेकवलंसुद्धा. खोक्याला काचेचा डोळा. "आता इकडे बघा." आता परका माणूस समोर उभा राहून आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर आपल्या पंथाच्या माणसाने काय करायचं? त्याच्यातल्या देवाला नमस्कार. मी वाकले. फोटोत माझ्या डोक्यावरच्या रुमालाचा शेंडा आला. "पुन्हा एकदा," तो म्हणाला. नमस्कार पोचला नसेल असं वाटून मी आणखी खाली वाकले. मागे रांगेतल्या पोरींना वाटलं इथली रीतच दिसतेय, त्याही वाकल्या, त्यांच्या मागचेही वाकले. शेवटी अख्खी रांग वाकलेली पाहून त्याने हात टेकले आणि रुमालाचाच फोटो ठेवून घेतला.

मी सहज विचारलं, या खोक्यात काय काय राहतं रे? तर तो भाजीचा भाव सांगावा तसं सांगतो: नाव, जन्मतारीख, पत्ता, उंची, वजन. (वजन मी लायसन्स काढतानाच खोटं सांगितलं होतं. तेवढी एकच खाजगी गोष्ट त्यांच्या हाती लागलेली नाही.) कुणी दंगा केला तर शहरातल्या बाकीच्या बारनाही कळतं म्हणे. मी म्हटलं, मी दंगा करणार नाही. "तसं सगळेच म्हणतात, आजी." मग पडद्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ग्रँड फोर्क्स होय? रविवारी तिकडेच यायचंय मला."

लायसन्सवर पत्ता तुझा, ग्रँड फोर्क्सचा आहे ताई. आमचे हे गेल्यावर मी तुझ्याकडे राहायला आले तेव्हाचा. इथे आल्यावर बदलायचा तो राहूनच गेला. तू घरात एकटी, दार सताड उघडं, आणि असला धिप्पाड बाप्या रविवारी तिकडे यायचं म्हणतोय. आजोबांची आठवण झाली. शिरगणतीवाल्याने नाव विचारलं तर "देवाला ठाऊक" म्हणाले, आणि तुरुंगात गेले. आजीने पोरांची नावं सरकारला दिली नाहीत म्हणून तीही तिथेच गेली. तू तर जन्मात कुठल्या कागदावर सही केली नाहीस, आणि मी लायसन्स काढलं तेव्हा एक अख्खा हिवाळा माझ्याशी बोलली नाहीस. त्या घराचा पत्ता मी एका सरबतापायी देऊन आले. आजोबांना वर काय तोंड दाखवू मी?

आत बसते न बसते तोच एक अनोळखी पोरगी मेणबत्ती लावलेला केक घेऊन आली. "हॅपी बर्थडे, मवरा!" माझा वाढदिवस होता. (तू विसरलीस, खोकं नाही विसरलं.) सगळा बार माझं नाव घेऊन गायला लागला आणि मी टेबलाखाली पायाने दार शोधत होते. घरी येऊन वेराला विचारलं, नुसत्या पत्त्यावरून कुणाला काय कळणार? तिने फोनवर तुझा पत्ता टाकला तर घरच समोर आलं. रस्त्यावरून कुणीतरी फोटो काढून ठेवलाय. तू अंगणात आहेस, तुझा चेहरा पुसलाय, पण दोरीवरचे परकर स्पष्ट दिसतात. आणि तुझ्या मागे दार उघडं आहे. मी रविवारचं सांगितलं तेव्हा वेराच्याही तोंडाचा रंग उडाला, म्हणजे बघ.

दुसऱ्या दिवशी बारला फोन केला की माझं नाव पुसा. बाई फार गोड बोलली. पुसायला अर्ज करायचा म्हणे, आणि तो मीच आहे हे कळावं म्हणून ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडायची. मी फोन ठेवला. तेव्हापासून झोप नाही. बाहेर पडताना रुमाल नाकापर्यंत ओढते, मांजरालासुद्धा नावाने हाक मारत नाही. भीती माझी नाही ग, तुझी वाटते. ओरडलीस तरी ऐकायला शेजारी कोण आहे तिथे? एवढं कर, रविवारी कुणी हाक मारली तरी दार उघडू नकोस.

तुझी,
मवरा

ता. क. गेले का ते सांगायचं राहिलं. संध्याकाळी वेरा त्या बारमध्ये गाते. रागावण्याआधी पुढचं वाच. त्या दिवशी तिने आईचं भजन म्हटलं, तू पाळण्यापाशी म्हणायचीस ते, बाजा नाही काही नाही, नुसत्या गळ्याने. हातातले पेले हातातच राहिले लोकांच्या. मी रडले. तुला कळलं तर तू कायमची तोंड फिरवशील या धास्तीने पोर अर्धी झालीय.

ता. क. २. पाकिटावर पत्ता लिहायला घेतला तर हात चालेना. आता हे पत्र टपालात टाकायचीही भीती, आणि टपालाने ते रविवारच्या आत पोचायचंही नाही. म्हणून आत्ता, शनिवारी, वेराला म्हटलं, कुणी गावाकडे जाणारं आहे का. ती रडत रडत सगळं बोलली.

ता. क. ३. हे पत्र घेऊन आलाय त्याचं नाव कोडी. मानेवर गरुड आहे. हो, तोच. वेराशी लग्न करायचंय आणि तुझा आशीर्वाद हवाय, म्हणून रविवारी. दारात मला तेच सांगायला बघत होता, मी वाकत बसले. खोक्यातला तुझा पत्ता अजून तिथेच आहे, आणि ती भीती काही खोटी नाही. पण याला पत्ता वेराने दिलाय, विश्वासाने. वाकायला शिकवलंय, पाठ जरा ताठ आहे. आत घेण्याआधी त्याचं ओळखपत्र माग आणि वजनासकट मोठ्याने वाच, कसं वाटतं ते कळू दे त्याला. वेरा खाली पुलापाशी गाडीत बसलीय, तू हाक मारल्याशिवाय वर यायची नाही. पोतं बाजूला सरकव, ताई.