गेरूचा अंगठा

१७ नोव्हेंबर १९९७, सोमवार

दहिवडीहून एस.टी.नं हिवरमाळला उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते. दिवाळीची सुट्टी संपून आजच शाळा भरली आणि मी भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो. आमच्या साताऱ्यापुढं गाव एवढंसं, पण आभाळ केवढं! खोली हरणाबाईंकडे मिळाली. बाई एकट्याच राहतात. नवरा अर्जुना सात वर्षांपूर्वी मुंबईला गेला तो परतलाच नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले. मेंढरं धाकटा दीर कोंडीबा राखतो. बाजरीच्या तीन भाकऱ्या आणि ठेचा हाणला. नाकातून पाणी आलं तशा बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

१९ नोव्हेंबर

वडिलांनी, आण्णांनी, फौजेतून आणलेलं होकायंत्र पेटीतून काढलं. एका जुन्या मासिकात वाचलं होतं की विलायतेत लोक माळावर डबा लपवतात, आत वही ठेवतात. नकाशावरून जो शोधेल त्यानं नाव लिहायचं, हवी तर एक वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची. आठवीच्या पोरांना दिशा अशाच शिकवायच्या. मुहूर्त रविवार, ३० तारीख. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला हिरवा रंग दिला. आत वही, पेन्सिल, गोट्या, एक भिंग. पोरांपेक्षा मीच जास्त हुरळलोय.

२३ नोव्हेंबर, रविवार

डबा ठेवला! शाळेच्या ध्वजस्तंभापासून नैऋत्येला बाराशे पावलं, मग कोरड्या ओढ्यातून टेकडीवर. माथा अगदी सपाट, आणि मधोमध दगडांची रास. चार-पाच दगड काढून पोकळी केली. सगळीकडे मुरूम कडक, पण राशीखालची माती भुसभुशीत लागली. डबा ठेवून दगड परत लावले. समोर कोंडीबा मेंढरं घेऊन उभा होता. त्याला बोलावून सगळं हौसेनं समजावलं. रविवारी चाळीस पोरं येतील, रास उचकटतील, असंही सांगितलं. त्यानं राशीकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "दुसरीकडं ठेवा की, मास्तर. माळ काय कमी हाय व्हय?" पण चाळीस नकाशे हातानं काढून झालेत, आता कोण बदलतो!

२६ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर बघून आलो. डबा कुणाला तरी सापडलाय! वहीच्या पहिल्या पानावर नाव नाही, अंगठा उठवलाय. मेंढरांवर खूण करतात त्या तांबड्या गेरूत बुडवून. मला कोण आनंद! काही घेतलेलं नाही, उलट एक चांदीचं कडं ठेवलंय, काळं पडलेलं, खाचेत माती. घरी येऊन हरणाबाईंना दाखवलं. त्यांचा थापता हात थांबला. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत त्या कड्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, असंल कुणा मेंढक्याचं. कडं मात्र परत दिलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत कोंडीबा शाळेमागं आला. अंगठा त्याचाच, कडं अर्जुनाचं. अर्जुना मुंबईला गेलाच नाही, तो त्या राशीखाली आहे. बायकोला रोज दाव्यानं मारायचा, एकदा तिचा हात मोडला. "मी कुऱ्हाड घातली, मास्तर. पाय वैनीनं धरलं. मेल्यावर बी ती घाव घालत व्हती, थांबंना. मलाच तिचं भ्या वाटलं." पोरांच्या हाती हाडं लागण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून त्यानं कडं उकरून ठेवलं. उद्या माझ्याबरोबर दहिवडीला पोलिसांत येतो म्हणाला. वहिनीलाही सांगून येतो म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कोंडीबा मेला. राशीजवळ पडला होता, भोवती मेंढरं तशीच उभी. चेहरा उरलाच नव्हता. दगडानं एकदा नाही — किती वेळा, कोण जाणे. दात गवतात विखुरलेले.

लोक म्हणाले, घसरून आपटला. सपाट माथ्यावरून?

हवालदार आला. त्याला अंगणात सगळं सांगितलं. उद्या माणसं आणून रास उपसू म्हणाला. वळलो तर हरणाबाई दारात. रडून डोळे सुजलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

खोली आजच सोडायला हवी होती. एस.टी. गेली होती.

३० नोव्हेंबर, सकाळ

दार बाहेरून लावलंय. खिडकीला गज. बाई अंगणात कुऱ्हाडीला धार लावतायत — पाणी टाकून, सावकाश.

हाका मारल्या. शेजारी सगळी कोंडीबाच्या मातीला गेलीत.

म्हणाल्या, "मास्तर, च्या झालाय. दार उघडते." नेहमीसारखाच मायेचा आवाज. मी पेटी दाराला लावली.

कडी काढली. ढकलतायत — पेटीवर पाय रोवून बसलोय. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितो. दोघांना मारलं. हरणाबाईनं —

घाव. फळी फुटली. पातं आत आलं, दंडाला लागलं. रक्त वहीवर —

"माझा धनी बी असाच वरडला," म्हणतायत. "लय येळ न्हाई लागत."

पुन्हा घाव. पुन्हा —

थांबल्या. का?

पोरं. रस्त्यावर पोरांचा आवाज. शोध रद्द झाल्याचं मी कुणाला सांगितलंच नाही. मला बोलवायला येतायत, हसत, नकाशे घेऊन. पळा रे म्हणून ओरडलो — त्यांना वाटतंय खेळातलंच.

कुऱ्हाड फळीतून निघाली. पावलं अंगणाच्या फाटकाकडं —

पेटी बाजूला घेतो. हात चालत नाही, पण घेतो. दार उघड