पुढच्या खोलीची वाटणी

मी, ब्लाउज शिवणारी बाई, वय पन्नाशीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कॅन्सर शरीरात आहे, डोक्यात नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिलं आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. ती करायला कोणी धजावतही नाही. वकिलाने मसुदा करून दिला होता, पण त्यात मला मीच सापडेना, म्हणून कामाचे शब्द तेवढे घेतले.

१. राहतं घर, वरचा मजला आणि खालच्या दोन खोल्या, हे, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावं. खालच्या पुढच्या खोलीचं शेवटी लिहिते, कारण तिच्यावरून आमचं वाजलं आहे.

२. बँकेतली शिल्लक सूनबाईची. मुलाच्या हातात पैसा टिकत नाही, हे त्यालाही मान्य आहे.

३. शिलाई मशीन, कात्री आणि मोहरीचा डबा शाळेतल्या बाईंना. मोहरी कशाला ते सांगते. छातीचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी मी ब्लाउजच्या आत बसणारी उशी शिवते. नुसता कापूस भरला तर ती वर सरकते, म्हणून वजनाला मोहरी. धुण्याआधी मोहरी काढून घ्यायची असते. बाईंनी उशी तशीच भिजवली आणि ओलसरच कपाटात टाकली. मग एक दिवस ती हातात धरून आल्या, तर शिवणीतून हिरवे कोंब बाहेर. ऑपरेशनपासून तोंड मिटून बसलेली बाई माझ्या दारात हसत सुटली. म्हणाली, "तुमची उशी रुजली हो." मीही इतकी हसले की हातातली सुई कुठे पडली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या शिवण शिकायला येऊ लागल्या. टाका अजून वाकडाच आहे. मशीन दामटू नये, पट्टा जुना आहे.

४. थोरल्या जाऊबाईंना माझा रोजचा पाण्याचा पेला. ह्यांना कॅन्सर झाला तेव्हा जाऊबाई नाकाला पदर लावून उंबऱ्यावरून बोलायच्या, आणि आमचे पेले वेगळे ठेवा म्हणायच्या. हा आजार पेल्यातून लागत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ते मी मरेपर्यंत विसरायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तेवढी मुदत संपतच आली होती. पण गेल्या महिन्यात त्या आल्या, पलंगावर बसल्या आणि माझ्या केस गेलेल्या डोक्याला तेल लावत राहिल्या. मग तहान लागली म्हणून माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायल्या. मी बघत होते. तेव्हा पेल्याबरोबर माझी हिरवी शालही त्यांना द्यावी. त्यांना थंडी फार वाजते.

५. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला काहीतरी द्यायचं मनात होतं. पण ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाला. मग इस्त्रीवाल्यालाच विचारलं, वस्तू हवी की सही करतोस? म्हणाला, "ताई, वस्तू राहू द्या. माझी सही आजवर कोणी मागितलीच नाही." म्हणून त्याला काही नाही.

६. आता पुढची खोली. हे दवाखान्यात होते तेव्हा मी खाटेजवळून हलत नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको भाजी विकायची. ती मला म्हणाली, "तू घरी जाऊन झोप. तुझ्या माणसाजवळ मी बसते." माझी तिची ओळखही नव्हती. मी जाऊन झोपले. ह्यांच्या आजारपणात माझी विचारपूस करणारी ती एकटीच.

हे गेल्यावर मी ही खोली कॅन्सरच्या आजाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना उघडली ती एवढ्यासाठी. गल्लीतली माणसं पाळीने येतात. कोणी आजाऱ्याजवळ बसतं, कोणी दवाखान्यात नेऊन आणतं, कोणी डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगतं. घरचं माणूस तेवढ्यात झोपून घेतं, अंघोळ करतं, नाहीतर मनसोक्त भांडून घेतं. इथे कांदा परतायचा नाही, किमो चालू असलेल्यांना वास सोसत नाही. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत कोणी जाऊन बसलं तर काही विचारायचं नाही. चहा ठेवायचा आणि बाजूला व्हायचं.

माझा मुलगा या सगळ्यात वाढला. स्वतःच्या घरात बाथरूमसाठी रांगेत उभा राहिला. माझं दुखणं निघाल्यावर म्हणाला, "आई, तू गेलीस की मी ही खोली बंद करणार. मला आता आणखी आजारी माणसं बघवत नाहीत." मी त्याला नको ते बोलले. मग अबोला.

परवा किमो घेऊन आले आणि त्याच खोलीत पडद्यामागे पडले होते. तो कामावरून आला, वर न जाता खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. त्याला वाटलं मला झोप लागली आहे. शाळेतल्या बाईंनी चहा ठेवला आणि बाजूला झाल्या. घरचा असला तरी नियम तोच. बऱ्याच वेळाने त्याने कप उचलला. गार चहा त्याला मुळीच चालत नाही, पण सगळा प्यायला. कप विसळून पालथा घातला. मग चहाच्या पातेल्यात आणखी पाणी ओतलं, कारण दारात एक म्हातारं जोडपं पिशव्या घेऊन उभं होतं.

वकील म्हणाला, खोली चालू ठेवण्याची अट घाला, मुलगा बांधला जाईल. मी नको म्हटलं. त्या भाजीवालीला कोणी बांधलं नव्हतं. खोली मुलाची, बिनशर्त. बाळा, बंद करायची तर कर, मी भांडायला येणार नाही. फक्त कुलूप तुला विकत आणावं लागेल. त्या दाराला मी कधी घेतलंच नाही. आतून कडी आहे, आणि आत कोणी ना कोणी असतंच.

लिहिलेलं दोनदा वाचलं, पटलं, म्हणून सही करते.

सही: ब्लाउजवाली

साक्षीदार: इस्त्रीवाला (सही दोन ओळींवर गेली आहे, ती चालवून घ्यावी)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळ
दिनांक: बारा, वार मंगळवार, किमो नसलेला