पाडव्याचा केर

विक्रोळी,
भाऊबीज, १९८५

प्रिय दादा,

तू बरा असशील, मालन वहिनी बरी असेल, बोरिवलीला दोन्ही वेळ पाणी येतं म्हणे, झकास. इकडे सगळं ठीक. आईच्या कपाळाला टाके पडलेत, पण ठीक आहे. बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. यंदा चकल्या मऊ पडल्या.

हे पत्र राजाराम आणून देईल. तो बोरिवलीलाच कामाला जातो, आणि तोंड उघडणारा माणूस नाही. लगेच उत्तर देऊ नकोस. रविवारी नाना तुझ्याकडे येणार आहे. आपल्या गावच्या मंडळाचा नाना, तोच, ज्याला कुणाच्याही घरात न बोलावता शिरता येतं. तो तुला एकच गोष्ट विचारणार: बाबांना घरात परत घ्यायचं की नाही. काल संध्याकाळी मंडळाच्या चार माणसांनी ठरवलं, लवूचा, म्हणजे तुझा, शब्द शेवटचा. 'घरचो मोठो झिल हा, तो सांगात तसा.' आईला कुणी विचारलं नाही. मला तर नाहीच नाही. मी तिथे चहा देत होते.

नाना तुला सांगेल की बाबा माळ्यावरून पडले. बाबांनीच तसं सांगितलंय, डॉक्टरला पण. नाना असंही सांगेल की जानकीचं डोकं फिरलंय, सणासुदीला नवऱ्याला दाराबाहेर बसवलंय. म्हणून आधी माझ्याकडून ऐक. मी नीट सांगते. नीट म्हणजे जमेल तसं.

तू गेलास तेव्हा सामान फक्त माळ्यावर होतं ना? आता ते खाली उतरलंय. मोरीपर्यंत आलंय. संप बोंबलला, मिलनं बाबांना परत घेतलं नाही, तेव्हापासून ते रोज सकाळी डबा घेऊन निघाल्यासारखे बाहेर पडतात आणि हायवेच्या कडेनं, कारखान्यांच्या मागच्या उकिरड्यांवरून काय काय उचलून आणतात. दट्ट्या नसलेले स्टोव्ह. आतडी बाहेर आलेला ट्रान्झिस्टर. शिवणयंत्राचं चाक, नुसतं चाक. एक टेबलफॅन, त्याला पाती नाहीत, जाळी नाही, खाली लोखंडाची जड बैठक आणि वर मान. सगळं 'दुरुस्त करतलंय'. यातलं एक तरी दुरुस्त झालेलं मी बघितलं नाही. मी आणि आई कुशीवर झोपतो कारण पाठीवर झोपायला जागा नाही. रात्री कूस बदलायची तर एकमेकींना सांगून.

आणि हात लावायचा नाही. गेल्या होळीला मी एक फुटका स्टोव्ह गॅलरीत ठेवला तर माझं डोकं भिंतीवर आपटलं. तुला कळवलं नव्हतं. काय काय कळवू? वहिनीच्या थोबाडीत बसली ती पण एका गंजक्या इस्त्रीपायी. तू काही बोलला नाहीस, बॅग भरलीस आणि तिला घेऊन निघालास. बरोबर केलंस यार, खरंच. फक्त कधी कधी वाटतं, बॅग जरा मोठी घ्यायची होतीस. आई पण मावली असती.

आता कालचं.

पाडव्याची पहाट. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. घर झाडायचं, केर फुटक्या टोपलीत भरायचा, वर जुनी केरसुणी आणि एक पणती, आणि डबे थाळ्या बडवत अवदसेला घराबाहेर हाकलायचं. लहानपणी तू थाळी बडवायचास आणि आई मागून टोपली घेऊन यायची. तू गेल्यापासून आई एकटीच बडवते, एकटीच टोपली नेते. पण काल तिनं केर काढला आणि थांबलीच नाही. खाटेखाली वाकली. ट्रान्झिस्टर काढला, टोपलीत. चाक काढलं, टोपलीत. टोपली भरली तशी परात घेतली. मी मोरीत तोंड धूत होते, दातात पावडर. मला वाटलं सामान हलवून झाडते आहे.

बाबा उठून बसले.

"काय तां?"

"आज पाडवो. आज मेलेला काय्येक घरात ठेवचा नाय."

"ता मेल्ला नाय. दुरुस्त करतलंय मी."

"तीन वर्सा करतंस."

"जानके, हात लावलंस तर हात मोडून टाकीन."

आईनं डाव्या हातात डालड्याचा रिकामा डबा घेतला, उजव्या हातात लाटणं. आणि सुरू. धाड धाड धाड. "भायर जा! अवदसे, भायर जा! इतक्या वर्सांचा खाल्लंस, आता भायर जा!" आणि हे सगळं ती बाबांच्या तोंडाकडे बघून म्हणत होती, दादा. आपली आई. जिनं त्यांच्यासमोर कधी मान वर केली नाही, ती.

पहिला फटका त्यांनी फॅननं मारला. मानेला धरून उचलला, बैठक खांद्यावर. आई भिंतीला लागली. डबा वाजतच होता. दुसरा कपाळावर. तेव्हा लाटणं सुटलं, पण ती ओरडत राहिली, "भायर जा, भायर जा", आणि खाली पडली ती सामानावरच पडली, सगळे स्टोव्ह गडगडत खाली. मी ओरडले. जोरात ओरडले. "कुणीतरी या" असं ओरडले.

आणि बाहेरून काय आलं माहितीये? थाळ्या.

रुक्मिणीमावशीचा आवाज, "जानकीनं सुरुवात केल्यान गो! उठा, उठा!" आणि तिची थाळी. मग पलीकडची. मग खालच्या मजल्यावरून घमेलं. अख्खी चाळ अवदसा हाकलायला लागली. आपला शेजारी धोंडिराम भिंतीपलीकडून हसत हसत ओरडला, "वैनी, यंदा अवदसा लई जड दिसतीया! जोर लावा!" त्यांना काय कळणार? पाडव्याच्या पहाटे आमच्या घरातून आदळआपट आणि किंकाळ्या येणार नाहीत तर काय येणार? आईचं रक्त माझ्या पायापर्यंत आलं होतं आणि बाहेर लोक आमच्या सुरात सूर मिळवत होते. मी अजून एकदा ओरडले तर बाहेर कुणीतरी टाळी वाजवली.

इथपर्यंत सांगणं सोपं होतं.

बाबांनी तिसऱ्यांदा फॅन उचलला. आईनं पडल्या पडल्या त्यांच्या पायाला मिठी मारली आणि चावली. पोटरीला. ते वाकले, फॅन हातातून सुटला आणि माझ्या पायाशी आला. मी उचलला. जड होता. बरा वाटला हातात.

मी त्यांच्या मनगटावर मारला. हाडाचा आवाज थाळ्यांमध्ये पण ऐकू आला. ते खाली बसले. म्हणजे संपलं होतं, दादा. ते खाली बसले होते, तो हात छातीशी धरून, आणि म्हणाले, "अनू, बास." मी परत मारला. खांद्यावर. बाहेर थाळ्या एका ठेक्यात चालल्या होत्या आणि मी त्या ठेक्यात मारत होते. पाठीवर. परत पाठीवर. "भायर जा" मी पण म्हणत होते, मला मालवणी नीट बोलता येत नाही म्हणून तुम्ही सगळे हसता ना, काल अगदी बरोबर येत होतं. त्यांच्या एवढ्या सामानातली ती एकच वस्तू कामाला आली.

मला राग नव्हता. मी आठवून आठवून बघितलं. राग असता तर मी तुला तसं लिहिलं असतं, आणि तू समजून घेतलं असतंस. मला छान वाटत होतं. कॉलेजात बक्षीस मिळालं तेव्हा पण एवढं छान वाटलं नव्हतं.

मी डोक्यासाठी उचलला तेव्हा आईनं माझी वेणी धरून मागे ओढलं. तिचा एक डोळा रक्तानं बंद झालेला. माझ्या कानात म्हणाली, "सोड. मेलो तर तू आत जातलंस." एवढंच. मग तिनं माझ्या हातातून फॅन घेतला, परातीत ठेवला, बाबांना काखेत धरून उठवलं आणि दार उघडलं.

गॅलरीत सगळे उभे. हातात थाळ्या, डबे, अंगावर शाली, रुक्मिणीमावशीच्या हातात पणती. हसरे चेहरे होते. आईला बघितलं आणि एकेक थाळी थांबली. आईनं बाबांना जिन्याजवळच्या पायरीवर बसवलं. आत आली, परात नेली, त्यांच्या शेजारी ठेवली. मग टोपली. मग लोकांकडे बघून, आवाज न चढवता म्हणाली, "केर भायर काढलंय. कोणी परत घरात हाडू नकात."

आणि कडी लावली.

धोंडिराम बाहेरून म्हणाला, "वैनी, आमाला वाटलं..." नंतर त्यानंच टॅक्सी आणली, आईला टाके घालायला तोच घेऊन गेला. रस्ताभर रडत होता म्हणे. आईच त्याला गप्प करत होती.

आई परत आल्यावर दिवसभर सामान काढलं. मी आणि आई, एका डोळ्यानं ती आणि सुजलेल्या हातांनी मी. भंगारवाला हातगाडी घेऊन आला, तीन खेपा केल्या. संध्याकाळी आई फरशीवर बसली आणि तिनं पाय सरळ केले. पूर्ण सरळ. मग नुसती पायांकडे बघत बसली. मला म्हणाली, "अगो, माझे पाय इतके लांब आसत?"

बाबा मंडळाच्या शेडमध्ये आहेत. जेवण नाना पाठवतो. आज सकाळी मी दुधाला गेले तेव्हा दिसले. डाव्या हातानं बशीतला चहा पीत होते, हनुवटीवरून ओघळत होता. माझ्याकडे बघितलं आणि आजूबाजूच्या माणसांना म्हणाले, "माळ्यावरसून पडलंय." कुणी विचारलं नव्हतं. मला वाचवत होते की स्वतःची लाज राखत होते, मला कळलं नाही. मला दया पण आली. ती आली म्हणून मी घाबरले नाही. मी घाबरले कारण चहा ओघळताना बघून माझी बोटं आपोआप वळली.

तर आता तुझं. तू 'घ्या' म्हणालास तर आई दार उघडेल. तू सांगितलंस म्हणून उघडेल, तुझ्यावर तिचा तेवढा जीव आहे, तो का आहे ते तिलाच माहीत. बाबा आत येतील. आठवड्याभरात पहिला स्टोव्ह येईल. मी कुणाला काही बोलणार नाही, नानाला चहा देईन.

म्हणून ओवाळणी मागते. रविवारी नानाला 'नाही' म्हण. कारणं देत बसू नकोस, नाना कारणांची वाट लावतो. नुसतं 'नाही' म्हण. तेवढं जमणार नसेल तर येऊन मला तरी घेऊन जा. काल आईनं मला थांबवलं. मी थांबले नव्हते.

तुझी,
अनू